जिवंतपणी वाढलेलं पान

अर्लिस ब्रेकी चेटकीण आहे हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. बाईनं उभी हयात चीजच्या कारखान्यात पाळ्या केल्या, घरी नवऱ्याच्या बरोबरीनं गाईंच्या धारा काढल्या, बर्फात रुतलेल्या शेजाऱ्यांच्या गाड्या ट्रॅक्टर जोडून ओढल्या. अशी बाई पुनवेला टेकाडावर जाऊन मेणबत्ती लावत असेल तर लावो बापडी. फीड मिलवर पेंड भरायला आलेले गडी कधीमधी तिला ऐकू जाईल असं म्हणायचे की यंदा पाऊस हवा असला तर अर्लिसला सांगा. तीही पोत्याची गाठ मारता मारता म्हणायची, पाडीन की. पण तुमचं गवत कापून रानात पडलेलं असेल त्या दिवशी पाडीन. मग सगळे हसायचे, आणि पोतं तिच्या गाडीत टाकायला कुणीतरी पुढं व्हायचं.

टेकाडावरचं रिंगण तिनं आणि नेड्रा टोलेफसननं मिळून सुरू केलं, त्याला किती वर्षं झाली हे तिनं मोजायचं सोडलं होतं. दोघी कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. डोक्याला जाळी, पायात रबरी बूट, हात कोपरापर्यंत गार पाण्यानं लाल झालेले. नेड्राचा पोरगा डॅनी ऐन विशीत गाडी उलटून गेला, तेव्हा पाद्री घरी येऊन म्हणाला की देवाच्या मनात असेल ते होतं. नेड्रानं त्याला कॉफी पाजली, केक दिला, दारापर्यंत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर अर्लिसला म्हणाली, "ज्याच्या मनात असलं काही येतं त्याच्याशी माझं जमायचं नाही."

अर्लिसकडं तेव्हा चेटकिणी मानतात त्या जुन्या देवीवरची दोन-चार पुस्तकं होती. नवरा हार्लन गोठ्यात असला की अर्लिस ती वाचायची आणि तो आला की पिठाच्या डब्यामागं सरकवायची. त्यातलं एक तिनं नेड्राला दिलं. तिथून सुरू झालं. पुढं पोस्टातली बाई आली, वेल्डिंग शिकवणारा मास्तर आला, शहराला कंटाळून रानात राहायला आलेल्या मॅडिसनच्या दोघीजणी आल्या. भर होता तेव्हा टेकाडावर बारा-तेरा माणसं हात धरून उभी राहायची, आणि खाली कुंपणाशी हार्लनच्या गाई माना वर करून बघत राहायच्या. हार्लन म्हणायचा, गाईंना तरी कळू दे काय चाललंय ते, मला काही कळत नाही. पण सरपण तोच वर नेऊन टाकायचा.

त्यांचा धर्म पुस्तकातून आला असला तरी नियम भांडून भांडून ठरले होते. कुणाचं वाईट होत नसेल तर मनाला पटेल ते करावं, आणि केलेलं तिपटीनं फिरून येतं, एवढं पुस्तकात होतं. बाकीचं या माणसांनी आपलं आपण घडवलं. रस्त्यात गाडीखाली आलेलं जनावर दिसलं तर थांबून ते कडेला घ्यायचं आणि दोन शब्द बोलायचे, मग कामाला उशीर झाला तरी चालेल. जमिनीतून काही उपटलं तर पहिला घास जमिनीला. सगळ्यात जड नियम घातला तो नेड्रानं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ओढ्याकाठच्या वाळुंजाची फांदी हवी तर झाडाला विचारायचं आणि थांबायचं. कोंबडी कापायची तर कोंबडीला विचारायचं. वेल्डिंगच्या मास्तरानं एकदा शंका काढली, कोंबडी नको म्हणाली तर? नेड्रा म्हणाली, "मग दुसरीला विचारायचं." त्या दिवशी हसण्याच्या नादात अर्ध्या मेणबत्त्या विझल्या.

माणसाच्या बाबतीत मात्र तिनं थट्टा खपवून घेतली नाही. पोस्टातल्या बाईचा भाऊ दवाखान्यात पडला. तिला त्याला बरं वाटावं म्हणून रिंगण भरायचं होतं. नेड्रानं आधी तिला फोन करायला खाली पाठवलं. भाऊ म्हणाला, असली नाटकं माझ्या नावानं करायची नाहीत. झालं. सगळे न पेटवलेल्या मेणबत्त्या खिशात घालून टेकाड उतरले. बहीण वाटभर रडत होती. नेड्रा तिचा हात धरून चालली, पण नियम काही सैल केला नाही. भलं करायला गेलं तरी आधी दार वाजवावं लागतं, एवढंच म्हणाली.

मग माणसं गळत गेली. पोस्टातली बाई वारली, मास्तर वारला, मॅडिसनच्या दोघी हिवाळ्याला भिऊन परत गेल्या. हार्लन गेला, गाई विकल्या. नेड्राची कंबर धरली, तेव्हा तिची मुलगी कार्ला तिला आपल्याकडं अ‍ॅरिझोनाला घेऊन गेली. निघताना नेड्रा म्हणाली, वाळवंटातही चंद्र तोच असतो. अर्लिस म्हणाली, असेल, पण तिथं त्याच्याखाली मी नसेन. दोघी तेवढ्यावरच थांबल्या. कारखान्यात उभ्या राहिलेल्या बायका. गळ्यात पडून रडायची सवय नव्हती.

पहिली काही वर्षं दर रविवारी फोन यायचा. मग महिन्यातून एखादा. मग अर्लिसनंच करावा आणि पलीकडून नेड्रानं हवा कशी आहे ते सांगावं. अ‍ॅरिझोनातल्या हवेत सांगण्यासारखं असतं तरी काय? एके दिवशी नंबर लागेनासा झाला. यूलला, डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सणाला, अर्लिसनं प्लमच्या मुरंब्याची बरणी पाठवली होती, ती खोक्यासकट परत आली. कार्ला ज्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती तिथला नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. अर्लिसनं तो फिरवला नाही.

का नाही फिरवला हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणूनच ती त्याचा विचार टाळत होती. नेड्रा जिवंत असेल तर तिनं मैत्रिणीला टाकलं होतं. मेली असेल तर कुणी कुणाला टाकलं नव्हतं. मेलेलं माणूस फोन करत नाही, त्यात कुणाचा अपमान नसतो.

ऑक्टोबर सरता सरता सॉविन येतो. पिकं घरात आलेली, झाडं उघडी पडलेली, आणि मेलेल्यांकडचं दार किलकिलं झालेलं, असे ते दिवस. रिंगणात त्या दिवशी मुकं जेवण असे. टेबलावर काळं कापड घालायचं, गेलेल्यांची पानं मांडायची, एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि मग जेवण संपेस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. जेवणही उलटं. आधी गोड, मग मांस, शेवटी सूप नाहीतर भाजी, कारण पाहुणे पलीकडून यायचे. नाव घेऊन पान वाढलं की ते माणूस मेलेल्यांत गेलं. पुढं त्याला हाक मारायची ती तिथलं समजूनच.

त्या वर्षी मुक्या जेवणाला अर्लिस एकटी होती. एकट्या बाईनं गप्प बसून जेवायचं यात विशेष ते काय, रोजच ती तशी जेवत होती. दिवस कलल्यावर तिनं कापड घातलं. हार्लनचं पान मांडलं, पोस्टातल्या बाईचं मांडलं, मास्तराचं मांडलं. एक ताट हातात जास्तीचं राहिलं. ती ते धरून थोडा वेळ उभी राहिली. मग आपल्या समोरच्या खुर्चीपुढं ते ठेवलं आणि म्हणाली, "नेड्रा टोलेफसन."

मुरंबा वाढला, डुकराचं मांस वाढलं, सलगमचं भरीत वाढलं. समोर बघत जेवली. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिला बरं वाटलं. किती वर्षांनी नेड्रा तिच्या टेबलाशी बसली होती, आणि या खेपेला तिला उठून जायची घाई नव्हती. जेवण झाल्यावर अर्लिसनं पानांतलं अन्न अंगणातल्या ओकच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. कोल्ह्यांनी ते नेलं असणार.

पुढं हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू झाले. फीड मिलवर जो तो शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटात. लाइल टोलेफसन, नेड्राच्या नवऱ्याचा पुतण्या, तिथं मापाडी होता. अर्लिसचं पोतं उचलता उचलता तो म्हणाला, "काकू तुमच्या मुरंब्याची आठवण काढत होती."

अर्लिसला वाटलं हा जुनं काहीतरी सांगतोय. "कधी?"

"रविवारी. गेलो होतो ना बघायला."

"कुणाला बघायला?"

लाइलनं पोतं खाली ठेवलं. "नेड्राकाकूला. तुम्हाला माहीत नाही? कार्लाचा घटस्फोट झाला, गेल्या हिवाळ्यातच तिथलं घर सुटलं, दोघी एप्रिलमध्ये परत आल्या. काकूचं खुब्याचं हाड मोडलंय, लिंडहोमच्या वृद्धाश्रमात ठेवलंय तिला. मला वाटलं तुम्ही रोज जात असाल."

अर्लिस म्हणाली, हो का. आणखी काही म्हणाली असेल तर ते तिला नंतर आठवलं नाही. गाडी चर्चच्या वळणापर्यंत आणली आणि तिथं थांबवली. लिंडहोम म्हणजे समोरचा डोंगर ओलांडला की पलीकडं. तिच्या मागच्या अंगणातून त्या गावाची पाण्याची टाकी दिसायची.

पहिला आला तो राग. उन्हाळाभर बाई डोंगरापलीकडं बसून आहे आणि पत्ता नाही. घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकले तेव्हा रागाच्या मागून दुसरं काही आलं, आणि ते गेलं नाही. तिनं जिवंत बाईचं पान वाढलं होतं. मेलेल्यांच्या दारातून तिला नाव घेऊन हाक मारली होती.

बाहेरच्या माणसाला हे हसण्यावारी नेता येईल. अर्लिसला येत नव्हतं. रिंगणात केलेलं पोचतं असं तिनं आयुष्यभर मानलं होतं. आशीर्वाद पोचतो म्हणायचं आणि हे मात्र पोचत नाही म्हणायचं, इतकी सोयीची श्रद्धा तिला जमेना. केलेलं मोडायचा विधी बांधता आला असता. मीठ, पाणी, डावीकडून घातलेलं रिंगण. पण तोही नेड्राला न विचारताच करायचा, म्हणजे एका चुकीवर दुसरी चढवायची.

मॅडिसनची दुसरीच एक बाई फोनच्या पडद्यावर रिंगण भरवायची. चौकोनाचौकोनांत एकेक तोंड आणि एकेक मेणबत्ती. सेज तिचं नाव, एका औषधी झुडपावरून तिनं स्वतः घेतलेलं. आईबापांनी क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, ठेवलं होतं, आणि अर्लिसच्या मते चेटकिणीला तेच जास्त शोभलं असतं. अर्लिसनं तिला विचारून बघितलं. सेज म्हणाली, तुमच्या मनात वाईट नव्हतं ना, मग झालं. आजारी बाईला सांगून कशाला घाबरवायचं, तिच्यात मनानंच उजेड भरा आणि सोडून द्या. अर्लिसनं आभार मानून पडदा बंद केला. उजेड भरायला नेड्रा काय कंदील होती?

सांगितलं तर नेड्रा तोंड फिरवेल हे तिला दिसत होतं. आणि नेड्रा गेली की संपलं. हार्लनच्या आईनं लग्नात काय तमाशा केला, कारखान्यात कुणाचा हात यंत्रात अडकला, डॅनीच्या अंगावर शेवटचा शर्ट कोणता होता, हे ठाऊक असलेलं एवढं एकच माणूस उरलं होतं आणि ते नुकतंच परत मिळालं होतं. न सांगता नुसती बरणी घेऊन जावं, खुर्ची ओढून बसावं, जुन्या गोष्टी काढाव्यात. कोण विचारणार होतं? रोज सकाळी ती असंच करायचं ठरवून उठायची आणि घरातच काहीतरी काम काढायची.

शेवटी गेली ती नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटल्यावर, मळभ दाटलेल्या एका सकाळी.

नेड्रा खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होती. अंगानं अर्धी झाली होती, पण मान तशीच, कारखान्यात मुकादमाकडं बघताना असायची तशी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी टीव्ही लावून झोपली होती.

"आलीस," नेड्रा म्हणाली. "लाइलच्या पोटात काही राहत नाही. लहानपणी दूधसुद्धा राहायचं नाही."

अर्लिसनं बरणी तिच्या मांडीवर ठेवली. "एप्रिलपासून आहेस म्हणे."

"आहे."

"फोन नाही केलास."

"नाही केला." नेड्रानं बरणी उजेडाकडं धरून बघितली. "केला असता तर तू आली असतीस. रोज आली असतीस, झाडपाला घेऊन. आणि मला तुझ्यासाठी ती जुनी नेड्रा व्हावं लागलं असतं. मी दमलेय, अर्लिस. इथं गुरुवारी पाद्री येतो. साधा आहे, फार बोलत नाही. आम्ही गाणी म्हणतो. मी परत त्यांच्यात गेलेय. तुला सांगायची लाज वाटली असं समज हवं तर."

ऐकून अर्लिसला घटकाभर हलकंच वाटलं. हिनंही लपवलं होतं. म्हणजे फिटंफाट झाली, आता आपलं सांगायची गरज उरली नाही. तेवढ्यात नेड्रानं झाकण काढून बोट घातलं, चाटलं आणि म्हणाली की साखर कमी पडलीय. ते इतकं तिचं बोलणं होतं की अर्लिसला खोटं धरून ठेवता येईना.

"सॉविनला मी तुझं पान वाढलं," ती म्हणाली.

नेड्राचं बोट तोंडातच राहिलं. "नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"काय वाढलंस?"

"मुरंबा. डुकराचं मांस. सलगमचं भरीत."

"सलगम," नेड्रा म्हणाली. "जिवंतपणी कधी खाल्ले मी सलगम? मेल्यावर जीभ बदलते असं वाटलं तुला?" आणि ती हसायला लागली, खोकला येईस्तोवर हसली. शेजारची म्हातारी जागी झाली, इकडं बघून पुन्हा झोपली. अर्लिसच्याही तोंडावर हसू यायला लागलं होतं, पण तोवर नेड्राचं थांबलं होतं.

"कोण कोण होतं जेवायला?"

"मी."

"आणि?"

"मीच. कुणी राहिलं नाही, नेड्रा."

आपल्यामागं नवी माणसं आली असतील असं नेड्राला वाटत होतं. तिच्या मनात टेकाडावर अजून माणसं हात धरून उभी होती. खिडकीशी टांगलेल्या दाण्यांवर चिमण्या भांडत होत्या. मग तिनं सांगितलं की सॉविनच्या त्याच आठवड्यात तिला दम लागला होता आणि मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं होतं. नेड्रा म्हणाली, काळीज आधीपासूनच नासलंय, डॉक्टर सांगतात. सलगमनं काही झालं नसेल. थोड्या वेळानं म्हणाली, झालंही असेल. मरायचं तिला काही वाटत नव्हतं. तिला लागलं होतं ते वेगळंच.

"वाळुंजाची फांदी तोडायच्या आधी विचारतेस," ती म्हणाली. आवाज मुळीच चढवला नाही. "कोंबडीला विचारतेस. मला मारायच्या आधी एक फोन नाही केलास. कार्लाच्या दवाखान्याचा नंबर होता तुझ्याकडं."

"होता."

"मग?"

"तू जिवंत निघालीस तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं."

नेड्रानं डोळे मिटले. अर्लिसला वाटलं, आता जा म्हणेल. ती म्हणाली नाही. टीव्हीवर कुणीतरी कुणाला मोटार बक्षीस देत होतं आणि माणसं टाळ्या पिटत होती. अर्लिसनं त्या थांबू दिल्या.

"आता विचारते," ती म्हणाली. "तू गेल्यावर तुझं पान वाढू का?"

झाडापुढं थांबायचं तशी ती थांबली. झाडापुढं थांबणं सोपं. झाड नको म्हणालं की नाही हे शेवटी माणूसच ठरवतं.

"नको," नेड्रा म्हणाली. "डॅनी चर्चच्या आवारात आहे. त्याच्या शेजारची जागा माझी. तो गेला तिकडं मला जायचंय, आणि ते दार निराळं आहे. वाटेत तू नाव घेऊन हाक मारलीस तर मी वळून बघीन. मला वळायचं नाही." मग म्हणाली, "आणि तू गप्प बसून जेवतेस ते बघायला तर मुळीच यायचं नाही. जन्मभर तुझी बडबड ऐकलीय मी."

"बरं," अर्लिस म्हणाली.

"बरं काय? लागलं ना?"

"लागलं."

"लागू दे." नेड्रानं बरणीचं झाकण घट्ट लावलं. "गुरुवार सोडून ये. पत्ते आण. इथल्या बायकांना क्रिबेज येत नाही, नुसत्या बिंगो खेळतात."

हिवाळाभर अर्लिस गेली. रस्ता उघडा असेल तेव्हा गेली, नसेल तेव्हा ट्रॅक्टरनं तो उघडून गेली. दोघी पत्ते खेळायच्या, नेड्रा लबाडी करायची, अर्लिस ती पकडायची. कधी नेड्रा हातात पत्ते धरूनच झोपी जायची. मग अर्लिस तिचे पत्ते न बघता पालथे ठेवायची आणि तिचा श्वास ऐकत बसायची. पुन्हा विचारावंसं तिला दर खेपेला वाटायचं. बाई आता मऊ झालीय, आज कदाचित हो म्हणेल. पण एकदा विचारलं ते विचारणं झालं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे ढकलणं. घरी परतताना टेकाडाच्या पायथ्याशी गाडी हळू व्हायची. वर जावं असं तिला वाटायचं नाही. वर जाऊन कुणाचा हात धरायचा होता?

मार्चमध्ये बर्फाचा चिखल व्हायला लागला आणि लाइलचा फोन आला.

चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली. सगळे उठले की उठली, बसले की बसली. गाणं म्हटलं नाही, कारण ते शब्द तिचे नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांच्यात उगीच तोंड हलवणं तिला चोरी वाटली. डॅनीच्या शेजारी खड्डा तयार होता. जमीन अजून खाली गोठलेली, खणणाऱ्यांचे हाल झाले असणार. नंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. हॅमची सँडविचं, थरथरणारी हिरवी जेली, चौकोनी गोड वड्या, पातळ कॉफी.

कार्ला तिला शोधत आली. पन्नाशीची बाई, आईसारखीच मान, पण ती ताठ धरायचं बळ नसलेली.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही आईसाठी ते तुमचं जेवण कराल ना? ऑक्टोबरातलं? लहानपणी मी जिन्यात बसून बघायचे. भीती वाटायची मला. पण तुम्ही गेलेल्यांना वाढायचा ते आवडायचं. इथं सगळं नीट झालं, कुणी काही कमी केलं नाही. पण त्यात आई कुठं दिसलीच नाही मला."

अर्लिसनं कप खाली ठेवला. "नाही करणार, पोरी. मी विचारलं होतं तिला. नको म्हणाली."

"शेवटी शेवटी ती सगळ्यालाच नको म्हणायची. गोळ्या नको, आंघोळ नको. त्यातलंच असेल."

"ते त्यातलं नव्हतं."

"मग माझ्यासाठी करा." कार्लाचा आवाज फाटला आणि तिनं इकडंतिकडं बघितलं. "मी येईन. तुमच्यासमोर बसेन, एक शब्द बोलणार नाही."

अर्लिसला ते टेबल दिसलं. समोरच्या खुर्चीवर श्वास घेणारं, चमचा हलवणारं माणूस. नेड्राचीच मान. रक्ताची लेक हक्कानं सांगत होती. सेजला विचारलं असतं तर तिनं आनंदानं होकार दिला असता. आणि नेड्रा आता नको म्हणायला येणार नव्हती. तेच तर होतं. आता ती काही म्हणू शकत नव्हती.

"एरवी कधीही ये," ती म्हणाली. "सूप करीन. वाटेल तेवढं बोल, आईबद्दल बोल, मला माहीत आहे ते सगळं सांगीन. पण तिचं नाव त्या टेबलावर मी घेणार नाही."

कार्लाचा चेहरा हळूहळू मिटला. तुम्ही दोघी इतक्या जवळच्या होतात असं वाटलं होतं मला, असं काहीतरी ती म्हणाली. येईन की, असंही म्हणाली, न येणारी माणसं म्हणतात तसं. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

तळघराच्या टोकाला स्वयंपाकघरात चर्चच्या बायका भांडी घासत होत्या. अर्लिस दारात थोडी उभी राहिली. मग बाह्या सारून एक कोरडं फडकं उचललं आणि ताटं पुसायला लागली. शेजारच्या बाईनं सरकून जागा केली. हात चालू ठेवूनच तिनं विचारलं, तुम्ही नेड्राच्या कोण?

"मैत्रीण," अर्लिस म्हणाली.

"तुम्हाला कधी इथं बघितलं नाही."

"नाही. मी दुसरीकडची."

बाईनं मान हलवली, दुसरीकडची म्हणजे कुठली ते काही विचारलं नाही. कोपऱ्यातली कॉफीची मोठी किटली दाखवून म्हणाली की ती जड आहे, तुम्हाला झेपत असेल तर पुसून वरच्या फळीवर ठेवा. अर्लिसनं किटली ओढून घेतली.